जांभळे शेत आणि खरी साक्ष

१८८८ सालच्या जून महिन्यात व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा डच चित्रकार दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी राहत होता. गावाबाहेरच्या शेतांवर बेतलेले, पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याचे एक तैलचित्र त्याने तेव्हा हाती घेतले. नांगरलेली जमीन त्याने जांभळी रंगवली आणि आकाश पिवळे. आपला तरुण चित्रकार मित्र एमिल बर्नार याला त्याने पत्रातून कळवले, की या चित्रात रंगांच्या खरेखोटेपणाची मला फारशी पर्वा वाटत नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच याच माणसाने एक मोठे चित्र खरवडून टाकले. जैतुनांच्या बागेतील ख्रिस्त आणि देवदूत हा त्या चित्राचा विषय होता. खरवडण्याचे कारण एवढेच, की समोर माणूस बसवल्याखेरीज इतक्या महत्त्वाच्या आकृती रंगवणे त्याला योग्य वाटेना. सप्टेंबरमध्ये त्याने तोच विषय पुन्हा आरंभला आणि पुन्हा खरवडला.

जमीन जांभळी करताना ज्याचा हात कचरला नाही, त्याचा हात न पाहिलेला ख्रिस्त रंगवताना का थबकला? वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत. ज्याला रंगाच्या सत्याची पर्वा नाही, त्याने आकृतीच्या सत्यासाठी एवढा जीव का टाकावा? या विसंगतीच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे, आणि तो केवळ एका थोर चित्रकाराचा प्रश्न नाही. तैलरंगांची पेटी घेऊन रानात, शेताच्या बांधावर जाऊन बसणाऱ्या प्रत्येक नवशिक्यापुढे तो उभा राहतो. शिक्षक त्याला पहिल्या दिवशी सांगतात, “जे दिसते ते रंगव.” काही महिन्यांनी तेच शिक्षक सांगतात, “आता जे वाटते ते रंगव.” या दोन आज्ञांमध्ये सत्याचे काय होते? दिसलेले बदलण्याचा अधिकार कुणाला, केव्हा आणि किती?

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी मला ‘साक्ष’ हा शब्द उपयोगी वाटतो. दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा खोट्या साक्षीस मनाई करते. साक्षीदार म्हणजे छायाचित्र नव्हे. न्यायालयात उभा राहिलेला माणूस घडलेल्या प्रसंगाची हुबेहूब नक्कल करून दाखवीत नाही. तो आपल्या शब्दांत, आपल्या आवाजात बोलतो. बोलता बोलता त्याचा कंठ दाटून येतो, कधी आवाज चढतो. त्यामुळे त्याची साक्ष खोटी ठरत नाही. उलट पुष्कळदा तिचे वजन वाढते. परंतु साक्षीदारावर काही बंधने असतात. त्याने तेथे हजर असले पाहिजे. महत्त्वाचे ते दडवता कामा नये. आणि दुसऱ्याकडून ऐकलेले आपण पाहिले म्हणून सांगता कामा नये. भावपूर्ण निसर्गचित्र ही अशीच एक साक्ष आहे, असे मानले तर जांभळ्या शेताचे आणि खरवडलेल्या ख्रिस्ताचे कोडे उलगडू लागते.

पहिली अट हजेरीची. ही अट बोलायला सोपी, पाळायला अतिशय अवघड. नवशिक्या रानात जातो तेव्हा शरीराने तेथे असतो, पण त्याचे डोळे आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी रंगवू लागतात. झाड हिरवे, खोड तपकिरी, आकाश निळे. कोकणपट्टीत आषाढ-श्रावणात हा घोटाळा फारच वाढतो, कारण जिकडे पाहावे तिकडे हिरवेच. मग ट्यूबमधील तयार हिरवा रंग कॅनव्हासभर पसरतो आणि चित्र रंगवलेल्या दरवाजासारखे दिसू लागते. नीट पाहिले तर भाताच्या खाचरातील कोवळा हिरवा पिवळ्याकडे झुकलेला असतो. केळीच्या पानाची वरची बाजू आकाशाचा उजेड परतवते, म्हणून ती निळसर-करडी दिसते. आणि तेच पान आपण व सूर्य यांच्या मध्ये आले, की आरपार आलेल्या उन्हाने पोपटी होऊन जाते. दूरची झाडी निळ्या धुक्यात विरते. हे हिरवे कोणत्याही ट्यूबमध्ये तयार मिळत नाहीत. अल्ट्रामरीन निळ्यात यलो ऑकर मिसळून, कधी पिवळ्यात थोडा काळा मिसळून, आणि फार भडक झाले तर बर्न्ट सिएनाच्या टोकभर स्पर्शाने शांत करून ते एकेक घडवावे लागतात. एक हिरवा घडवण्यासाठी दहा वेळा मान वर करून पाहावे लागते. त्या दहा वेळा पाहण्यालाच मी हजेरी म्हणतो.

याचसाठी जाणते शिक्षक पहिले काही महिने विद्यार्थ्याला भावनेचे नावही काढू देत नाहीत. डोळे किलकिले कर, तपशील विसर, उजेडाचे आणि सावलीचे मोठे भाग आधी मांड, असे ते सांगतात. ऊन सरकत असते. दोन तासांत सावल्या जागा बदलतात, म्हणून त्या आरंभीच ठरवून टाकाव्या लागतात. नाही तर एकाच चित्रात सकाळ आणि दुपार एकत्र नांदू लागतात. या शिस्तीत विद्यार्थ्याच्या ‘मी’ला फारशी जागा नसते. ती नसावी हेच त्या शिस्तीचे प्रयोजन असते.

तैलरंगाचे माध्यम स्वतःच या शिस्तीला अनुकूल आहे. जलरंगातील पाणी उडून जाते आणि काम संपते. जवसाचे तेल तसे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होत जाते. वरचा रंग हाताला कोरडा लागला तरी आतील क्रिया कित्येक महिने चालूच असते. म्हणून थरांचा एक जुना नियम आहे : खाली कमी तेलाचा पातळ थर, वर अधिक तेलाचा. हा नियम मोडून खालचा थर हलत असतानाच वरचा आधी कडक झाला, तर चित्राला तडे जातात. भावनेचेही असेच असते. पाहण्याचा थर खाली नीट बसण्याआधीच वर भावनेचा जाड थर चढवला, तर काही काळ चित्र झगमगते, पण पुढे ते कोणत्या जागेचे आहे हे चित्रकारालाही सांगता येत नाही.

व्हॅन गॉग याला अपवाद नव्हता. आज त्याचे नाव उच्चारताच लोकांना भडक रंग आणि वळसे घेणारे फटकारे आठवतात. पण त्याची उमेदवारी विसरली जाते. तो एका प्रॉटेस्टंट पाळकाचा मुलगा. बेल्जियममधील बोरिनाज या कोळसाखाणींच्या प्रदेशात त्याने १८७९ साली धर्मोपदेशकाचे काम केले. तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. त्यानंतर त्याला जेमतेम दहा वर्षे मिळाली, आणि त्यांतील पहिली कित्येक रेखाटनाच्या कष्टांत गेली. आन्तोन मॉव्ह या नातलग चित्रकाराने त्याला रंगकामाचे पहिले धडे दिले. १८८२ साली हेग येथे असताना त्याने ताणलेल्या दोऱ्यांची एक चौकट मुद्दाम करवून घेतली. ती वाळूत किंवा शेतात खुंट्यांवर उभी करायची, तिच्यातून समोरचा देखावा पाहायचा आणि दोऱ्यांच्या आधाराने प्रमाणे जुळवायची. पुढे ज्याचे आकाश भोवऱ्यासारखे फिरले, तो माणूस दोऱ्या लावून क्षितिज मोजत असे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यावर त्याने वादळी हवेत समुद्र रंगवला. वारा एवढा होता, की वाळू उडून ओल्या रंगावर बसली. त्याने ती पुष्कळशी खरवडून काढली, तरी काही कण रंगातच राहिले, आणि ते आजही आहेत. हे चित्र २००२ साली ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीला गेले आणि २०१६ साली इटलीत सापडले. त्या वाळूच्या कणांना कलेच्या दृष्टीने काही मोल नाही. पण साक्षीच्या दृष्टीने? चित्रकार त्या दिवशी, त्या वाऱ्यात, त्या जागी उभा होता, याहून बळकट पुरावा कोणता असणार?

आता जांभळ्या शेताकडे वळू. नांगरलेली ढेकळे आणि त्यांवर पिवळ्या उन्हाचा मारा हे त्याने पाहिले होते. जांभळा आणि पिवळा हे परस्परपूरक रंग. शेजारी ठेवले की एकमेकांना पेटवतात. दुपारच्या उन्हात डोळे दिपल्याचा जो अनुभव असतो, तो कॅनव्हासवर आणण्यासाठी चित्रकाराजवळ सूर्य नसतो, नुसता रंग असतो. टायटॅनियम व्हाइट कितीही शुभ्र असला तरी तो सूर्यापुढे राखच. म्हणून उजेडाची तीव्रता जशीच्या तशी सांगता येत नाही. ती दोन रंगांच्या नात्यातून सुचवावी लागते. म्हणजे जमिनीचा रंग बदलला तो जमिनीवरचे ऊन खरे ठरावे म्हणून. साक्षीदाराचा आवाज येथे चढला, पण सांगितलेली गोष्ट त्याने पाहिलेलीच होती.

यावरून एक कसोटी हाती येते. निसर्गचित्रात केलेला बदल कुणासाठी आहे? समोरच्या जागेतील काही अधिक स्पष्ट व्हावे म्हणून, की चित्रकाराचे मन उठून दिसावे म्हणून? घरी भांडण करून आलेला माणूस शेताच्या कडेला बसला आणि त्याने सारे शेत काळवंडून टाकले, तर त्याची भावना प्रामाणिक असेल, पण साक्ष खोटी आहे. कारण शेत त्या दिवशी दुःखी नव्हते. प्रामाणिकपणा हा गुण मोठा, पण तेवढ्याने सत्य सिद्ध होत नाही. प्रामाणिक साक्षीदारही चुकतात, आणि आपण प्रामाणिक आहोत या समाधानामुळे पुष्कळदा अधिकच चुकतात.

साक्षीची दुसरी अट, दडवू नये, ही. येथे निसर्गचित्रकाराची खरी परीक्षा होते. कारण वगळल्याशिवाय चित्र होतच नाही. हजार पाने असतात, आपण वीस रंगवतो. एखादी फांदी रचनेला अडते, ती काढून टाकतो. याला कोणी खोटेपणा म्हणणार नाही. पण आपल्या वसईचा देखावा रंगवायला बसलेला विद्यार्थी बावखल रंगवतो, भोवतीच्या माड-केळी रंगवतो, पाण्यातले आकाश रंगवतो. आणि बागेच्या पलीकडे उभी राहिलेली सहामजली इमारत व पाण्याच्या कडेला साचलेला प्लास्टिकचा कचरा मात्र पुसून टाकतो. हे वगळणे फांदी वगळण्यासारखेच आहे काय? मला तसे वाटत नाही. त्या चित्राखाली ‘आठवणीतले बावखल’ असे लिहिले असते, तर प्रश्न नव्हता. पण आज, या ठिकाणी, मी हे पाहिले, असे म्हणणारे ते चित्र असेल, तर त्याने साक्षीतील महत्त्वाचे वाक्य गिळले आहे. असे चित्र दिवाणखान्यात शोभून दिसते, आणि पाहणाऱ्याची समजूत घालते, की सारे काही ठीक आहे.

व्हॅन गॉगने आर्लच्या गव्हाच्या शेतांवरील सूर्यास्त रंगवला, त्याच जून महिन्यात. सोन्यासारखे पीक पुढे पसरलेले, आणि मागे क्षितिजावर गावाच्या इमारतींबरोबर धूर ओकणारी कारखान्यांची धुरांडी व आगगाडी. ती काढून टाकणे त्याला सहज शक्य होते. तसे केले असते तर चित्र कदाचित अधिक गोड झाले असते. पण गव्हाचे सौंदर्य धुरांड्यांना घाबरले नाही. धुरांड्यांसकट ते शेत सुंदर आहे, हे त्याने सांगितले, आणि त्यामुळेच त्याच्या गव्हावर आपला विश्वास बसतो. सौंदर्य टिकवण्यासाठी ज्याला खोटे बोलावे लागते, त्याची सौंदर्यावरील श्रद्धाच मुळात दुबळी असते.

तिसरा प्रश्न वगळण्याच्या उलट, भर घालण्याचा. पाहिले नाही ते चित्रात आणावे काय? येथे जाँ-फ्रान्स्वा मिले या चित्रकाराची आठवण होते. मिले नॉर्मंडीतील शेतकऱ्याचा मुलगा. १८४९ पासून तो बार्बिझाँ या खेड्यात राहिला. त्याचे ‘आंजेलूस’ हे चित्र १८५७ ते १८५९ या काळातले. बटाटे काढता काढता सांजेची घंटा ऐकून थांबलेले एक शेतकरी जोडपे, मान खाली घातलेली, आणि दूर क्षितिजावर शायी गावच्या देवळाचा मनोरा. ज्यांनी आपल्या गावी ती घंटा ऐकून हातातले काम बाजूला ठेवणारी माणसे पाहिली आहेत, त्यांना या चित्राची ओळख करून द्यायला नको. आपली आजी शेतात ही घंटा ऐकली की सर्वांना थांबवून मृतांसाठी प्रार्थना करायला लावी, या आठवणीतून हे चित्र आल्याचे मिलेने पुढे सांगितले. म्हणजे मैदान बार्बिझाँजवळचे, आणि प्रार्थना नॉर्मंडीतल्या बालपणातली. दोन ठिकाणे, दोन काळ त्याने एकत्र केले. तरीही ही साक्ष खरीच आहे, कारण दोन्ही ठिकाणी तो हजर होता. व्हॅन गॉगच्या पेरणाऱ्याचेही तसेच. पेरणाऱ्याची आकृती मूळ मिलेची, आणि जून महिन्यात मागे पिकलेला गहू उभा असताना पुढे पेरणी चाललेली! पण ती आकृती त्याने उमेदवारीपासून कितीतरी वेळा घोटली होती, आणि आपल्या ब्राबांट प्रांतातील शेतकरी त्याने वर्षानुवर्षे जवळून पाहिले होते. आठवण हीसुद्धा हजेरीच असते. फक्त ती आधी कमवावी लागते.

मग खरवडलेल्या ख्रिस्ताचे काय? १८८९ च्या नोव्हेंबरमध्ये, सँ-रेमी येथील मनोरुग्णालयात असताना, बर्नारने पाठवलेली बायबलविषयक चित्रांची छायाचित्रे व्हॅन गॉगला मिळाली. त्याने मित्राची भीड ठेवली नाही. ती चित्रे त्याला बनावट वाटली. आपण मात्र जैतुनांच्या बागांत काम करीत आहोत, आणि वेदना व्यक्त करण्यासाठी थेट गेथशेमाने बागेचा प्रसंग रंगवावाच लागतो असे नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. सँ-रेमीच्या परिसरात त्याने जैतुनांची सुमारे पंधरा चित्रे केली. पिळवटलेली खोडे, रुपेरी पाने, तापलेली जमीन. ख्रिस्त त्यांत कोठेही नाही. पण ज्या झाडांखाली तो रात्रभर तळमळला, त्या जातीची झाडे आहेत. आणि ती रंगवणारा माणूस स्वतः आजाराच्या अंधारातून जात होता. ख्रिस्ताचे दुःख मी पाहिले, असे तो म्हणाला नाही. हे झाड मी पाहिले, एवढेच तो म्हणाला, आणि पाहणाऱ्याला बाकीचे ऐकू येऊ दिले.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. ही अट सर्वांना लावली तर फ्रा आंजेलिकोचे देवदूत कोठे जातील? चर्चच्या भिंतींवरील शतकानुशतकांची चित्रे खोटी ठरवायची काय? मुळीच नाही. ती वेगळ्या प्रकारची साक्ष आहे. एकट्या डोळ्याने ती दिलेली नाही; संपूर्ण श्रद्धावंत समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या स्मृतीची ती साक्ष आहे, आणि ती तशीच वाचली जाते. स्वतः व्हॅन गॉगनेही सँ-रेमी येथे दलाक्रवाच्या आणि रेम्ब्रांटच्या धार्मिक चित्रांवरून आपली चित्रे केली. गोगँच्या संगतीत त्याने आठवणीतून, कल्पनेतून रंगवण्याचा प्रयोगही केला होता. ती वाट मोहक असली तरी आपल्यासाठी पुढे भिंतच आहे, असा निष्कर्ष त्याने नंतर काढला. ‘आपल्यासाठी’ हा शब्द महत्त्वाचा. त्याने सर्व कलेसाठी कायदा केला नाही. आपली साक्ष कोणत्या जातीची आहे, हे ओळखले आणि तिची बंधने पाळली.

उरली शेवटची अट, ऐकीव साक्ष न देण्याची. आज शिकणाऱ्यांना हिचाच सर्वांत मोठा धोका आहे. ‘भावपूर्ण’ चित्र म्हणजे जाड रंग, पॅलेट-नाईफचे फटकारे आणि वळसेदार आकाश, असा एक साचा तयार झाला आहे. तो उचलणारा विद्यार्थी स्वतः पाहिलेले सांगत नाही. सँ-रेमीच्या खिडकीतून दुसऱ्याने पाहिलेले आपल्या गावच्या आकाशावर चिकटवतो. आणि अशा उसनवारीत कधी मोठी गंमत होते. सँ-रेमीच्या बागेतील व्हॅन गॉगची आयरिसची फुले जगभर निळी म्हणून प्रसिद्ध आहेत. प्रत्यक्षात त्याने ती जांभळी रंगवली होती. मिश्रणातील लाल रंग उजेडाने उडून गेला आणि निळा मागे राहिला. त्या निळ्याची नक्कल करणारा, जे व्हॅन गॉगने पाहिले नाही आणि रंगवलेही नाही, त्याची साक्ष देत बसतो.

तेव्हा बदलण्याचा अधिकार कुणाला, या प्रश्नाला माझे उत्तर असे : जो पुरेसा वेळ हजर राहिला, त्याला. हा अधिकार प्रतिभेने मिळत नाही, भावनेच्या उत्कटतेनेही मिळत नाही. तो एकाच बांधावर पुन्हा पुन्हा जाण्याने मिळतो. तेथे वावरणाऱ्या माणसाला, नांगर धरणाऱ्याला, विहिरीवर पाणी भरणारीला ते चित्र दाखवावे. त्याला रंगांचे शास्त्र कळणार नाही, पण आपले शेत त्याला ओळखू येईल. जांभळ्या ढेकळांकडे पाहून तो क्षणभर हसेल, आणि मग म्हणेल, “हो, दुपारी इथे असेच तापते.” हे वाक्य ज्या चित्राला मिळाले, त्याला दुसऱ्या प्रमाणपत्राची गरज नाही.

२०१७ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात व्हॅन गॉगचे जैतुनांचे एक चित्र सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना, रंगाच्या थरात अडकलेला एक बारीकसा नाकतोडा सापडला. सव्वाशेहून अधिक वर्षे तो तेथे होता आणि कुणाच्या ध्यानात आला नव्हता. झाडे पिळवटलेली, जमीन लाटांसारखी, रंग निसर्गात न दिसणारे. आणि त्यांच्या पोटात त्या उघड्या रानातला एक खराखुरा कीटक. चित्रकाराने त्या झाडांबाबत किती स्वातंत्र्य घेतले, हे आपण पाहतोच. ते स्वातंत्र्य त्याने कोठे उभे राहून घेतले, हे तो नाकतोडा सांगतो.